घरच्या बिअरला छंद कुणी केले?

इंग्लंडमध्ये घरी बिअर करण्याचा इतिहास बहुधा दोन तारखांत उरकला जातो. १८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरचा जुना कर काढून थेट बिअरवर कर बसवला आणि घरात बिअर करणाऱ्यालाही परवाना घ्यायला लावले. पुढे १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंगने तो परवाना रद्द केला. या दोन अर्थमंत्र्यांच्या मधली ८३ वर्षे म्हणजे अंधारयुग, आणि नंतर छंदाचा उदय, अशी ही मांडणी. लक्षात ठेवायला ती सोपी आहे आणि करांचा तिटकारा असलेल्यांना सोयीचीही आहे. पण तिच्यातून एक साधा प्रश्न सुटत नाही. १८८० च्या आधी जे काम घराघरांतल्या बायका स्वयंपाकाचा भाग म्हणून करत, ते १९६३ नंतर परत आले तेव्हा बहुतांशी पुरुषांचा रिकाम्या वेळचा उद्योग होऊन का आले? परवाना गेल्याने काम परत येऊ शकते, पण कामाची जात त्याने बदलत नाही. माझे म्हणणे असे, की घरची बिअर छंद झाली ती कायद्याने दडपल्यामुळे किंवा सोडल्यामुळे नाही. घरातल्या घरात ती शिकवण्याची साखळी तुटली म्हणून झाली. हे तपासायला बिअरच्या शेजारीच एक चांगली कसोटी उभी आहे: घरचे गाणे. त्याच्यावर कुणी कधी कर बसवला नाही, तरी त्याचेही तेच झाले.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जी पेयाची जात घरोघर होई ती एल. भिजवून मोड आणलेले, मग वाळवलेले जव, म्हणजेच माल्ट, दळायचे, गरम पाण्यात मुरवून गोड काढा उतरवायचा आणि आधीच्या खेपेतून राखलेले यीस्ट त्यात घालायचे, आपण विरजण राखतो तसे. हॉप्स नसलेली ही एल चार-पाच दिवसांत उतरायची. त्यामुळे कुठलेही घर सदासर्वकाळ स्वतःपुरती करत नसे. आज एकीने केली की उरलेली शेजारणींना विकायची, पुढच्या आठवड्यात दुसरीकडून विकत घ्यायची. तयार झाल्याची खूण म्हणून दारावर काठी लावली जाई. तेराव्या शतकात पाव आणि एल यांच्या भावाचा कायदा आला, आणि गावोगावच्या न्यायसभांत बायकांना दंड होऊ लागले. हे दंड इतके नियमित होते, की व्यवहारात तो परवान्याचा हप्ताच होता. ज्युडिथ बेनेट यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात याच नोंदींवरून दाखवले, की १३०० च्या सुमारास हा धंदा मुख्यतः बायकांच्या हातात होता आणि १६०० पर्यंत तो बराचसा पुरुषांकडे गेला. मधल्या काळात समुद्रापलीकडच्या सखल प्रांतांतून हॉप्स आले होते. हॉप्स घातलेली बिअर टिकते, पिंपात भरून लांब पाठवता येते, आणि जे टिकते व लांब जाते त्यात भांडवल गुंतवता येते. भांडवल आणि कर्ज ज्यांना मिळत नव्हते त्या बायका मागे पडल्या. म्हणजे घरातून बिअर बाहेर जायला सुरुवात झाली ती ग्लॅडस्टनच्या चार-पाचशे वर्षे आधी, आणि तिचे मोठे कारण एका वेलीचे फूल होते.

तरीही अठराव्या शतकापर्यंत खेड्यात, शेतावर आणि मोठ्या हवेल्यांत घरची बिअर होत राहिली. सुगीच्या मजुरांना मजुरीचा भाग म्हणून ती द्यावी लागे. ही प्रथा पुढे १८८७ च्या कायद्याने बंद केली. विक्रीसाठी करणाऱ्यांना बिअरवर कर होता, घरच्यांना नव्हता. घरच्यांना भोवला तो माल्टवरचा कर. विल्यम कॉबेटने १८२१ मध्ये ‘कॉटेज इकॉनॉमी’ लिहायला घेतले तेव्हा पहिल्याच भागात बिअर कशी करावी हे सांगितले, आणि चहाला मनसोक्त शिव्या दिल्या. त्यात तो ससेक्समधल्या एलमन नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची संसदेच्या समितीपुढची साक्ष सांगतो: चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या गावात स्वतःची बिअर न करणारा मजूर नव्हता, आता फुकट माल्ट मिळाल्याखेरीज करणारा एकही नाही. ही साक्ष १८८० च्या साठ वर्षे आधीची आहे. कॉबेटने दोष दिला तो करांना आणि खालावलेल्या मजुरीला, आणि त्यात तथ्य होते. पण मला त्याच्या आरोपापेक्षा त्याच्या पुस्तकाचे असणे अधिक बोलके वाटते. त्याने स्वतःच कबूल केले आहे, की पूर्वी इंग्रजाला घरी बिअर करायला सांगणे हा आगाऊपणा ठरला असता. ज्या कामासाठी मजुराच्या बायकोला छापील पुस्तक लागते, ते काम तिला आईकडून मिळालेले नसते.

१८८० च्या कायद्याने मग नेमके काय केले? त्याने हायड्रोमीटरला सिंहासनावर बसवले. जॉन रिचर्डसनने १७८४ मध्ये सॅकरोमीटर या त्याच्याच एका प्रकारावर पुस्तिका लिहिली होती. काढ्यात किती साखर उतरली हे त्या उपकरणाने मोजता येई, आणि व्हिटब्रेडसारख्या लंडनच्या मोठ्या कारखान्यांनी ते उचलले. ग्लॅडस्टनने ३६ गॅलनच्या पिंपावर, १.०५७ घनता प्रमाण धरून, कर आकारला. कारखान्याला हे सोयीचे गेले, कारण तो असाही मोजतच होता. शेतकऱ्यांना आनंद झाला, कारण माल्टवरचा कर गेला. अडचण झाली ती लहान घरांची: परवाना, नोंद आणि अबकारी माणसाची भेट. पण तोपर्यंत अशी घरे मुळातच कमी उरली होती, आणि जिथे संस्था मजबूत होती तिथे कायद्याने काही बिघडले नाही. ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजने आपली बिअर १९३९ पर्यंत स्वतः केली. कायद्याने पडझड झालेल्या भिंतीवर शेवटचा हातोडा मारला, एवढेच म्हणता येईल.

आता गाण्याकडे येऊ. सार्वजनिक जागी संगीत ठेवायला लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून परवाना लागे, पण स्वतःच्या घरात, शेतात किंवा गावच्या देवळात गाण्याला सरकारने कधी हात लावला नाही. टॉमस हार्डीचे आजोबा आणि वडील डॉर्सेटमधल्या स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये गॅलरीत बसून तंतुवाद्ये वाजवत. अशा गावठी वाद्यमेळ्यांना एकोणिसाव्या शतकात ऑर्गन आणि हार्मोनियमने हुसकावले. हार्डीची १८७२ ची ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ ही कादंबरी याच बदलावर उभी आहे. नवा पाद्री, नवे वाद्य, शिकलेली वादक मुलगी, आणि बापाकडून मुलाकडे आलेल्या हस्तलिखित वह्या बिनकामाच्या. १९०३ मध्ये सेसिल शार्प सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिजला गेला असता पाद्र्याच्या बागेत काम करणाऱ्या जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याला त्याने गाताना ऐकले आणि लोकगीते गोळा करण्याचा सपाटा लावला. पुढच्या वीस वर्षांत त्याने सुमारे पाच हजार चाली टिपल्या. त्या देणारे बहुतेक म्हातारे होते. त्यांची मुले हप्त्यावर घेतलेला पियानो, संगीत-नाट्यगृहातली गाणी आणि थोड्याच वर्षांत ग्रामोफोन यांच्याकडे वळलेली. शार्पने टिपलेले गाणे शहरी मध्यमवर्गाने पुस्तकातून शिकले, त्यासाठी संस्था काढल्या, स्पर्धा भरवल्या. थोडक्यात, गाणे छंद झाले. त्याच्या वाटेत कुणी ग्लॅडस्टन नव्हता आणि परत येताना कुणी मॉडलिंगही लागला नाही.

यावर कुणी म्हणेल, की गाणे आणि बिअर यांची तुलना ओढूनताणून आहे: गाणे फुकट असते, त्याला तांब्याचा हंडा लागत नाही, जळण लागत नाही, आणि म्हणून त्याच्या ऱ्हासाचे कारण वेगळे असणार. आक्षेप वजनदार आहे. जळणाची महागाई, लहान घरे आणि दिवसभराची मजुरी यांनी बिअरला जसे मारले तसे गाण्याला मारले नाही, हे मान्य. पण त्यातून माझा मुद्दा बळकटच होतो. खर्च नसलेली गोष्टसुद्धा घरातून जाते, तर खर्च हे एकमेव कारण असू शकत नाही. दोन्हीकडे समान काय आहे ते पाहा. दोन्ही गोष्टी लिहून नव्हे, सोबत राहून शिकायच्या होत्या; काढा कधी पुरेसा निवला हे कोपर बुडवून कळे, आणि ओळ कुठे लांबवायची हे शेजारी बसून. दोन्हींना बाजारात एक सफाईदार, दर खेपेस सारखा असणारा पर्याय मिळाला. पाश्चरने १८७१ मध्ये व्हिटब्रेडच्या कारखान्यात सूक्ष्मदर्शक लावून यीस्टमधले दोष दाखवले, १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या एमिल हान्सेनने शुद्ध यीस्ट वेगळे काढले, आणि कारखान्याची बिअर नासेनाशी झाली. ज्या घराची बिअर कधी उत्तम, कधी आंबट व्हायची, त्या घरातली मुलगी ती शिकण्यात वेळ कशाला घालवील? तिच्या जागी कुणीही हेच केले असते. एका पिढीने शिकणे सोडले की यीस्ट मरते, हंडा भंगारात जातो आणि चाल विसरली जाते.

साखळी तुटल्यावर परत येणारी गोष्ट परक्यांकडून शिकावी लागते, आणि १९५० च्या दशकातली इंग्लंडची दृश्ये हेच दाखवतात. १९५३ च्या सप्टेंबरात साखरेचे रेशनिंग उठले. लगोलग अँडोव्हरसारख्या गावांत हौशी वाइन करणाऱ्यांची मंडळे निघाली. घरच्या वाइनला परवान्याचे झेंगट नव्हते, म्हणून सुरुवात तिथून झाली. याच दशकात लॉनी डोनेगनच्या ‘रॉक आयलंड लाइन’ने स्किफलचे वेड पसरवले: चहाच्या खोक्याला दांडा आणि दोरी लावून केलेला बास, कपडे धुण्याची पत्र्याची फळी, एक स्वस्त गिटार. लिव्हरपूलमध्ये जॉन लेननचा क्वॉरीमेन हा चमू असाच उभा राहिला. या पोरांना ही गाणी घरातून मिळाली नव्हती, तबकड्यांवरून मिळाली होती. मॉडलिंगने १९६३ मध्ये परवाना काढला, त्याच वर्षी अँडोव्हरच्या सी. जे. जे. बेरींचे घरच्या बिअरवरचे पुस्तक आले, म्हणजे वाचक आधीच तयार होता. पुढे बूट्ससारख्या औषधांच्या दुकानांत माल्टच्या अर्काचे डबे मिळू लागले. रसायनांच्या कपाटाशेजारी बिअरचे सामान, हे आजीला अजब वाटले असते. पण नव्या माणसाची शिकवणारी आता आजी नव्हती, डब्यावरची चिठ्ठी होती.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. सत्तरच्या दशकातल्या इंग्रजांनी डबे घेतले ते स्वस्तात प्यायला मिळावे म्हणून. महागाई आणि करांच्या काळात एवढे कारण पुरेसे आहे, मग तुटलेल्या साखळीचे तत्त्वज्ञान कशाला? डब्यांपुरते हे खरे आहे. परंतु स्वस्ताईसाठी आलेला माणूस हायड्रोमीटर घेत नाही, पाण्यातले क्षार मोजत नाही आणि रविवारची सकाळ दाणे मुरवण्यात घालवत नाही. हे करणारेही निघाले, आणि त्यांचा गुरू होता डेव्ह लाइन. १९७४ च्या त्याच्या ‘द बिग बुक ऑफ ब्रूइंग’ने अख्ख्या धान्यापासून बिअर करायला शिकवले. त्याच्या १९७८ च्या पुस्तकात मात्र दुकानात मिळणाऱ्या बिअरांच्या नकला कशा कराव्यात हे होते, आणि बाजाराच्या एकसुरीपणाविरुद्धचे बंड म्हणून या छंदाकडे पाहणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत होते. मला त्यात विसंगती दिसत नाही. घरात गुरू नसलेला विद्यार्थी नक्कलच करणार. स्किफलवाली पोरे तबकडीची नक्कल करत होती तशी. एव्हाना सहा मोठ्या कंपन्यांनी पब ताब्यात घेतले होते, वॉटनीच्या रेड बॅरलसारखी गाळलेली, वायू भरलेली बिअर सर्वत्र पोचली होती, आणि १९७१ मध्ये चार मित्रांनी पिंपात जिवंत राहणाऱ्या जुन्या एलसाठी कॅमरा ही चळवळ काढली. अशा वेळी नाहीशा होत चाललेल्या बिअरची नक्कल करणे हे जतनाचेच काम होते. त्याच सुमारास लोकसंगीताच्या क्लबांतून ‘जॉन बार्लीकॉर्न’ पुन्हा गायले जाऊ लागले, ज्यात जवाचा दाणा कापला, भिजवला, दळला जातो. वॉटरसन भावंडांनी ते १९६५ मध्ये ध्वनिमुद्रित केले आणि ट्रॅफिक या रॉक चमूने १९७० मध्ये. गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी कधी जव भिजवले असतील.

अमेरिकेची गोष्ट कायदेवाद्यांना आवडते, पण नीट वाचली तर ती त्यांच्या विरुद्ध जाते. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत घरची बिअर वाढली. पॅब्स्ट, ॲनहायझर-बुश अशा कारखान्यांनी माल्टचा पाक विकला आणि तो पाव-बिस्किटांसाठी आहे असे साळसूदपणे सांगितले. बंदी उठल्यावर कुटुंबाला २०० गॅलन वाइन करायची सूट राहिली, बिअर मात्र वगळली गेली. ती चूक जिमी कार्टरच्या सहीने १९७८ च्या ऑक्टोबरात दुरुस्त झाली: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घराला २००. आजच्या अमेरिकेतल्या हजारो लहान ब्रुअरी या सहीतून जन्मल्या असे सर्रास लिहिले जाते. पण लॉस एंजेलिसमधला माल्टोज फाल्कन्स हा क्लब १९७४ चा. अणुअभियांत्रिकी शिकलेला चार्ली पापाझियन बोल्डरमध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून वर्ग घेत होता आणि त्याची स्वतः छापलेली पुस्तिका १९७६ ची. जॅक मॅकॉलिफने न्यू अल्बियन ब्रुअरी काढली तीही १९७६ मध्येच. छंद आधी उभा राहिला, कायदा मागून आला. पीट सीगरने १९४८ मध्ये बँजो शिकवणारी पुस्तिका सायक्लोस्टाइल करून विकली होती. पापाझियनची पुस्तिका तिची सख्खी बहीण वाटते. दोघांचा वाचक एकच: ज्याच्या घरात ते शिकवणारे कुणी नाही असा माणूस. कायद्याने उघडपणा दिला, स्पर्धा आणि दुकाने दिली, हे थोडे नाही. मिसिसिपी आणि अलाबामातल्या लोकांना तेवढ्यासाठी २०१३ पर्यंत थांबावे लागले.

साखळी न तुटलेली एखादी जागा दाखवता आली तरच हा युक्तिवाद पुरा होतो. ती जागा पश्चिम नॉर्वे. वॉस आणि आसपासच्या खोऱ्यांत काही घराण्यांनी आपले यीस्ट, ज्याला तिथे क्वाइक म्हणतात, लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवून पिढ्यानपिढ्या जपले. जुनिपरच्या फांद्या उकळलेले पाणी वापरायचे, काढा चांगला कोमट, ३५ ते ४० अंशांवर असतानाच यीस्ट टाकायचे. कारखान्याच्या शास्त्राला हे वेडेपणाचे वाटते, पण ते यीस्ट तिथे तसेच घडले आहे. नाताळसाठी बिअर करणे हे गुलाटिंगच्या मध्ययुगीन कायद्यात बंधनकारकच होते. याच भागात हार्डांगर फिडल, आपल्या सारंगीसारख्या तरफेच्या तारा असलेले, कानाने ऐकून शिकवले जात राहिले. या शेतकऱ्यांना त्यांचा छंद काय असे विचारले तर ते नाताळच्या बिअरचे नाव घेणार नाहीत. ते घरचे काम आहे. ओड नूरलान यांनी १९६९ मध्ये या परंपरेवर ग्रंथ लिहिला, आणि गेल्या पंधरा वर्षांत जगभरच्या हौशी लोकांनी ते यीस्ट मागवून घेतले. एकच यीस्ट वॉसमध्ये कुलाचार आहे आणि बोल्डरमध्ये छंद.

आपल्याकडे काय झाले हे या चौकटीत ठेवून पाहण्यासारखे आहे, कारण काळ तोच आणि राज्यकर्तेही तेच. मुंबई अबकारी कायदा १८७८ चा, ग्लॅडस्टनच्या कायद्याच्या दोन वर्षे आधीचा. ताडीच्या झाडागणिक कर चढला, भंडाऱ्यांनी विरोध केला. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावरच बंधने आली. मोहाची दारू गाळीव असते आणि ताडी झाडावरच आंबते, तेव्हा ही बिअर नव्हे हे खरे. पण घरचे पेय आणि सरकारी महसूल यांचा झगडा तोच आहे, निकाल मात्र वेगळा. इंग्लंडात साखळी बाजाराने तोडली आणि मग कायद्याने सूट दिली. इथे साखळी पुरती तुटलीच नाही. कायद्याने तिला गुन्हा ठरवले, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तो शिक्का पक्का केला. म्हणून पुण्यात २००९ साली दूलाली मायक्रोब्रुअरी निघाली ती परवानाधारक धंदा म्हणून, आणि जव्हार-मोखाड्यातली भट्टी पोलिसांच्या वहीत राहिली. कायद्याचे खरे सामर्थ्य मला इथे दिसते: तो प्रथा मारू शकत नाही, पण तिला कोणत्या नावाने हाक मारायची ते ठरवू शकतो.

जव्हार-मोखाड्याच्याच पाड्यांतल्या तारप्याचे उदाहरण घ्या. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांचे हे वाद्य कुणी बंद केले नाही. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून तारपा नाच जगभर गेला, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि वाद्य सरकारी महोत्सवांत पोचले. भोपळा कसा निवडायचा, पान कसे बसवायचे हे आता लिहून, चित्रित करून ठेवलेले सापडते. त्याच अंगणात तारप्याच्या जोडीने जे प्यायले जाई, ते कसे करायचे, कोणत्या महिन्यातल्या फुलांचे, किती दिवस आंबवायचे, हे सांगणारे कागद बहुतेक पंचनाम्यांचे आहेत. इंग्रजांनीही हेच केले होते: माळ्याच्या गाण्यासाठी वही घेऊन माणसे गेली, माळ्याच्या बायकोच्या यीस्टसाठी तशी मोहीम निघाली नाही, आणि नंतर सगळे डब्यावरच्या चिठ्ठीवरून शिकावे लागले. महाराष्ट्रातल्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी तारप्यासाठी पाड्यावर जाताना दुसरी वहीही न्यावी. सांगणाऱ्या बायका अजून आहेत.